दुसऱ्यांचा न छापलेला डेटा पाहिला, आता माझ्या शोधाचं काय करू?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मॅडम, मी २७ वर्षांचा, राहायला ठाण्यात नौपाड्याला. नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीचं पाचवं वर्ष चालू आहे. क्षयरोगाच्या जंतूतल्या एका प्रथिनाची रचना, त्याला अडवणाऱ्या औषधी रेणूसकट, मी जवळजवळ सोडवली आहे. डेटा २.४ अँगस्ट्रॉमचा आहे, म्हणजे तपशील मध्यमच दिसतो. गेल्या महिन्यात एका परिषदेत कळलं, की युरोपातला एक गट त्याच प्रथिनाच्या मागे आहे. त्या गटातल्या ओळखीच्या मुलीने चहाच्या वेळी मोबाईलवर त्यांचा न छापलेला नकाशा, म्हणजे क्ष-किरणांच्या डेटावरून काढलेलं इलेक्ट्रॉनांच्या दाटीचं चित्र, दाखवला. माझ्या मॉडेलमध्ये रेणू जसा बसवलाय, त्याच्या बरोबर उलटा त्यांच्यात बसलाय, आणि आता मलाही त्यांचंच खरं वाटतंय. गाइड म्हणतात, पंधरा दिवसांत पेपर पाठव. साखळीचे कोन तपासणाऱ्या रामचंद्रन प्लॉटमध्ये चार अमिनो आम्लं अजून चालणाऱ्या भागाबाहेर आहेत, पण तेवढं कोण बघतंय म्हणतात. हा शोध मला माझ्या नावावर हवा आहे, खोटं कशाला बोलू? मी काय करू?"

तुझं शेवटून दुसरं वाक्य वाचून मला बरं वाटलं. शोध स्वतःच्या नावावर हवा असं सरळ लिहिणारी मुलं मला ३१ वर्षांत थोडीच भेटली. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तसा ध्यास नसेल तर रात्री अकराला कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून, स्फटिक पडलेत का म्हणून, कोणी थेंब तपासत बसत नाही. तेव्हा महत्त्वाकांक्षा सोड, असं मी तुला सांगणार नाही. तिचा लगाम कोणाच्या हातात द्यायचा, एवढंच बोलूया.

आधी मोबाईलवरचा नकाशा, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडलंय. ३० जानेवारी १९५३ रोजी, केंब्रिजमध्ये डीएनएची रचना शोधणारा जेम्स वॉटसन अशाच जागी उभा होता. वय २४. लंडनच्या किंग्ज कॉलेजात मॉरिस विल्किन्सने त्याला डीएनएचं एक क्ष-किरण छायाचित्र दाखवलं. ते मे १९५२ मध्ये रोझलिंड फ्रँकलिन आणि तिच्या हाताखाली पीएचडी करणारा रेमंड गॉसलिंग यांनी घेतलेलं, क्रमांक ५१. डीएनएचा ताणून धरलेला बारीक धागा, भोवती जपून राखलेली दमट हवा, ६० तासांहून जास्त वेळ क्ष-किरणांचा मारा, आणि शेवटी फिल्मवर उमटलेली काळ्या ठिपक्यांची फुली. ती फुली म्हणजे पिळाची खूण. ठिपक्यांच्या ओळींमधल्या अंतरावरून कळतं, की ३४ अँगस्ट्रॉमला एक पूर्ण पीळ बसतो आणि ३.४ अँगस्ट्रॉमवर एकेक पायरी येते. चौथी ओळ तर दिसतच नाही. म्हणजे दोन पेड एकमेकांच्या अगदी मध्यावर नाहीत, थोडे सरकून बसलेत. मी ते छायाचित्र विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवायची आणि विचारायची, यात काय नाही ते सांगा. चौथी ओळ हेरणारी मुलं पुढे चांगली क्रिस्टलोग्राफर, म्हणजे स्फटिकांवरून रचना काढणारी, झाली.

लोक याला सरळ चोरी म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. फ्रँकलिन तेव्हा किंग्ज सोडून बर्कबेक कॉलेजात चालली होती, तिचं डीएनएचं काम मागे राहणार होतं, आणि ते छायाचित्र विल्किन्सच्या हाती रीतसर आलेलं होतं. खरं मोल होतं ते दुसऱ्याच एका कागदाचं. डिसेंबर १९५२ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी किंग्जने एक अहवाल केला होता. त्यात फ्रँकलिनने मोजलेली डीएनएच्या एकक पेशिकेची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान तुकड्याची, मापं आणि तिची सममिती होती. केंब्रिजच्या मॅक्स पेरुत्झकडून तो अहवाल वॉटसनचा जोडीदार फ्रान्सिस क्रिकपर्यंत पोचला. क्रिकने ती सममिती वाचली आणि त्याच्या लगेच ध्यानात आलं, की दोन पेड उलट्या दिशांनी धावतात. अहवालावर गोपनीय असा शिक्का नव्हता. त्याने तो वाचला म्हणून मी त्याला दोष देत नाही.

माझं मन आजही खट्टू होतं ते त्यानंतर जे झालं त्यामुळे. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये ओळीने तीन लेख आले. पहिला वॉटसन आणि क्रिकचा, जेमतेम पानभराचा. दुसरा विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा. तिसरा फ्रँकलिन आणि गॉसलिंगचा. पहिल्या लेखात किंग्जच्या न छापलेल्या निष्कर्षांची आपल्याला साधारण कल्पना होती, एवढाच मोघम उल्लेख आहे. कोणते आकडे, कुठून आले, कोणी दाखवले, यातलं काही नाही. त्यामुळे तिसरा लेख वाचणाऱ्याला वाटलं, की मॉडेल आधी झालं आणि फ्रँकलिनने नंतर त्याला पुरावा जोडला. वस्तुस्थिती अशी, की १७ मार्चची तारीख असलेला तिचा स्वतःचा मसुदा पुढे सापडला. केंब्रिजचं हस्तलिखित किंग्जला पोचण्याच्या आदल्या दिवशीचा. त्यात दोन पेड आहेत, फॉस्फेट बाहेरच्या बाजूला आहेत. बेसच्या, म्हणजे दोन पेडांना जोडणाऱ्या पायऱ्यांच्या, जोड्या तेवढ्या राहिल्या होत्या. १६ एप्रिल १९५८ ला ती गेली, वयाच्या ३७ व्या वर्षी. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. आपले आकडे त्या मॉडेलच्या किती मुळाशी आहेत, हे तिला कोणी समोर बसून सांगितल्याचं दिसत नाही.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते. पाहिलेलं पुसता येत नाही, तेव्हा पाहिलंच नाही असं वागू नकोस. आजची तारीख घालून लॅबच्या वहीत लिही: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक व्यक्तीने तिच्या गटाचा नकाशा दाखवला, रेणू उलट दिशेने बसलेला दिसला, त्याआधी माझ्या मॉडेलमध्ये तो असा होता. पान झाल्यावर सही कर. मग ते पान गाइडना दाखव. हे आज करायला छातीवर दगड ठेवावा लागेल, पण सहा महिन्यांनी कोणी विचारलं, की रेणू अचानक कसा काय वळला, तर तुझ्याकडे उत्तर असेल.

त्या मुलीचाही विचार कर. तिने मैत्रीत दाखवलं. तिच्या गाइडना ठाऊक नसेल तर तुझ्या एका ईमेलने तिचं नुकसान होऊ शकतं. त्यामुळे आधी तिला फोन कर आणि सरळ सांग, की मी हे लपवणार नाही, तुझ्या गाइडना आपण मिळून कसं सांगायचं ते ठरवू.

आता रेणूची दिशा. ते तुझ्या डेटाला विचार, त्यांच्या नकाशाला नको. मॉडेलमधून रेणू पूर्ण काढून टाक, पुन्हा रिफाइन कर, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवून घे, आणि त्या रिकाम्या जागेचा ओमिट मॅप, म्हणजे रेणू वगळून केलेला नकाशा, काढ. तो नकाशा लॅबमधल्या अशा कोणाला तरी दे, ज्याला ही भानगड ठाऊक नाही. त्याला रेणू दोन्ही बाजूंनी बसवून बघायला सांग आणि कुठली दिशा जास्त पटते ते विचार. दोन्ही मॉडेलांचा नकाशाशी मेळ किती, बी-फॅक्टर, म्हणजे अणूंच्या जागेची डळमळ, किती वर जातात, हायड्रोजन बंध कुठे जुळतात, हे शेजारी शेजारी मांड. २.४ अँगस्ट्रॉमला रेणू उलटा बसणं फार सहज घडतं, त्यात तुझी नालायकी नाही. आणि तुझ्या डेटावरून दिशा ठरतच नसेल, तर पेपरात तसं लिही, किंवा नवा स्फटिक वाढव. इंदूरच्या इंडस-२ या प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर वेळ मिळाला तर त्याच स्फटिकांतून आणखी बारीक डेटा निघू शकेल.

पंधरा दिवसांत पाठव, या सल्ल्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला तो महागात पडलाय.

१९९६ च्या पावसाळ्यात माझ्याकडे एक ज्युनियर मुलगी आली होती. नुकतीच एमएस्सी झालेली, अंबरनाथहून ये-जा करायची. एका सकाळी मी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि झाकणाला लटकलेल्या थेंबात अप्रतिम स्फटिक. कडा कोरल्यासारख्या, कोपरे धारदार, आरपार स्वच्छ. आठ महिने वाट पाहिली होती मी त्यांची. मी सगळ्यांना हाका मारत होते, तेवढ्यात त्या मुलीने सुई घेतली आणि एक स्फटिक दाबला. खडीसाखर दाताखाली फुटावी तसा तो कट्कन तुटला. मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "मॅडम, मीठ आहे." प्रथिनाचा स्फटिक निम्मा पाण्याने भरलेला असतो. सुई लागली की नारळाच्या वडीसारखा त्याचा भुगा होतो, असा टणकपणे फुटत नाही. तिचं बरोबर होतं. आमच्या बफरमधलं फॉस्फेट खाली बसलं होतं.

पुढच्या वर्षी खरे स्फटिक आले, डेटा आला, रचना सुटली. क्रियास्थळाजवळ, म्हणजे प्रथिन जिथे आपलं काम करतं तिथे, नकाशात एक लांबट पुंजका दिसत होता. तो आमचा औषधी रेणूच आहे, असं मी धरून चालले. परदेशातला एक गट मागावर असल्याचं कानावर आलं होतं. तीच मुलगी स्क्रीनसमोर बसून हळूच म्हणाली, "हा रेणू वाटत नाही मला. पेग असेल." पेग म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, स्फटिक पडावेत म्हणून आम्हीच थेंबात घातलेलं. तिचं ऐकून घ्यायला मला दोन दिवस लागले असते. मी ते दिले नाहीत. पेपर गेला, रिव्ह्यूअरने पहिल्याच परिच्छेदात तो पुंजका पकडला आणि पेपर परत आला. सगळं नव्याने करण्यात नऊ महिने गेले. त्या नऊ महिन्यांत दुसऱ्या गटाचा पेपर छापून आला. शर्यत मी त्यांच्या वेगामुळे हरले नाही. मला दोन दिवस नको होते, म्हणून हरले. त्या मुलीची मी नंतर माफी मागितली, तिने मोठ्या मनाने ती घेतलीही. पण तो प्रसंग आठवला की आजही माझा घास घशात अडकतो.

हीच गोष्ट डीएनएच्या शर्यतीत सगळ्यात मोठ्या माणसाच्या बाबतीत घडली होती. लायनस पॉलिंगने १९५१ मध्ये प्रथिनांतला अल्फा पीळ शोधला होता आणि रेणूंच्या रचनेत तेव्हा त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने डीएनएची रचना ३१ डिसेंबर १९५२ ला छापायला पाठवली. तीन पेड, फॉस्फेट आतल्या गाभ्यात, आणि त्यांच्यावर हायड्रोजन तसेच बसवलेले. म्हणजे ज्या पदार्थाच्या नावातच आम्ल आहे, तो या रचनेत आम्ल उरतच नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलानेही विचारला असता असा प्रश्न त्या लेखात सुटून गेला. पॉलिंगचा मुलगा पीटर केंब्रिजमध्ये शिकत होता. वडिलांचं हस्तलिखित जानेवारीअखेर त्याच्याकडून वॉटसन आणि क्रिकच्या हाती आलं. चूक दिसताच दोघांना कळलं, की आपल्याकडे अजून थोडे आठवडे आहेत.

पण त्यांना ती चूक इतक्या झटकन का दिसली, हे फारसं कोणी सांगत नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यांनीही तीच केली होती. फ्रँकलिनच्या व्याख्यानाला वॉटसन गेला, टिपणं घेतली नाहीत, पाण्याचं प्रमाण चुकीचं लक्षात ठेवलं. मग दोघांनी तीन पेडांचं, फॉस्फेट आत असलेलं मॉडेल उभं केलं आणि किंग्जच्या मंडळींना बघायला बोलावलं. फ्रँकलिनने उभ्या उभ्या ते मोडीत काढलं. प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यांनी त्यांना डीएनएवर काम करायलाच मनाई केली. मानहानी केवढी झाली असेल, विचार कर! पण चूक खोलीतच सापडली, छापून आली नाही. पुढे बेसच्या जोड्या जुळवतानाही हेच झालं. वॉटसन पाठ्यपुस्तकातले बेसचे आकार घेऊन बसला होता. त्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डोनोह्यूने सांगितलं, की पुस्तकातली रूपं चुकीची आहेत, हायड्रोजन दुसरीकडे असतो. वॉटसनने पुठ्ठ्याचे नवे तुकडे कापले, आणि २८ फेब्रुवारी १९५३ च्या शनिवारी सकाळी टेबलावर ते सरकवता सरकवता अॅडेनिन थायमिनशी आणि ग्वानिन सायटोसिनशी नेमकं जुळलं. दोन्ही जोड्या एकाच मापाच्या निघाल्या. एर्विन शारगाफने मोजलेली बेसची प्रमाणंही त्यातूनच उलगडली. डोनोह्यू दुसऱ्या खोलीत बसत असता तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

तुझ्या खोलीत डोनोह्यू कोण आहे? हा प्रश्न मी मनापासून विचारतेय. तुझी चूक तुला तोंडावर सांगेल असं एक माणूस तुला या आठवड्यात शोधायचं आहे. ते गाइड असतीलच असं नाही, त्यांच्यावरही घाईचा भार आहे. शेजारच्या लॅबमधली पोस्टडॉक चालेल, कंप्युटरवाला चालेल, नुकताच आलेला ज्युनियर तर सगळ्यात चांगला.

आणि रामचंद्रन प्लॉटमधले ते चार ठिपके. "तेवढं कोण बघतंय" हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण तो प्लॉट ज्यांच्या नावाचा आहे, त्यांची हकीकत हुबेहूब तुझ्यासारखी आहे. गो. ना. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात होते. कातडी आणि स्नायूबंधांतल्या कोलॅजेनची रचना तीन पेडांची आहे, हे त्यांनी गोपीनाथ कार्था यांच्याबरोबर १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं आणि १९५५ मध्ये त्या पेडांना आणखी एक पीळ दिला. त्याच वर्षी क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आपली रचना पुढे केली. ती तीन पेडांचीच होती, पण रामचंद्रन यांच्या मॉडेलमध्ये काही अणू एकमेकांच्या फाजील जवळ आले आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. केंब्रिजकडून मद्रासवर आलेला आक्षेप, आणि तोही क्रिकचा. त्या काळात आपल्या माणसाला हे किती लागलं असेल!

रामचंद्रन भांडत बसले नाहीत. "फाजील जवळ म्हणजे नक्की किती जवळ" हाच प्रश्न त्यांनी हातात घेतला. तोवर सुटलेल्या छोट्या रेणूंच्या रचना गोळा केल्या, दोन अणू खरोखर कुठवर जवळ येऊ शकतात ते तपासलं, आणि त्यावरून साखळीतल्या प्रत्येक अमिनो आम्लाला कोणते दोन कोन परवडतात याचा नकाशा आखला. रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह तो १९६३ मध्ये छापला. आज जगात कुठेही प्रथिनाची रचना जमा केली की तपासणी अहवालात तो नकाशा येतो, क्रिकच्या केंब्रिजमधून आलेल्या रचनेचाही. म्हणून तुझे ते चार ठिपके रिव्ह्यूअरने पाहिले नाहीत तरी तू पाहा. कधी कधी बाहेरचं अमिनो आम्ल खरंच तसं वळलेलं असतं, आणि गंमत तिथेच दडलेली असते. नकाशा भक्कम असेल तर त्याला हात लावू नकोस, पेपरात कारण लिही. नकाशा विरळ असेल तर साखळी चुकीची ओढली गेली आहे. चारही क्रियास्थळाजवळच्या वळणावर आहेत का, हे तू कळवलं नाहीस. असतील, तर रेणूच्या दिशेचा गोंधळही तिथूनच आला असण्याची मला दाट शंका आहे.

पहिलं येण्याच्या सोयी आता आमच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत, त्या वापर. अणूंच्या जागांचे निर्देशांक प्रथिन डेटा बँकेत जमा केलेस, की त्याच दिवशी क्रमांक मिळतो आणि रचना एक वर्षापर्यंत झाकून ठेवता येते. तारीख तुझ्या नावावर पक्की होते. बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीचा पेपर, टाकता येतो. 'पीएलओएस बायोलॉजी' या मासिकाने तर २०१८ मध्येच जाहीर केलं, की दुसरा गट पुढे गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत आलेला पेपर दुसरा आला म्हणून नाकारणार नाही. गाइडना हे सगळं दाखव, पंधरा दिवसांची भीती बरीच कमी होईल. आणि त्या गटाला लिहायचं ठरलं, तर दोन्ही पेपर एकाच वेळी, एकाच मासिकाकडे पाठवायचा प्रस्ताव गाइडनी त्यांच्यापुढे ठेवावा. त्यांचा डेटा त्यांच्या पेपरात, तुझा तुझ्या पेपरात, आणि परिषदेत झालेलं बोलणं दोन्हीकडे आभारात स्पष्ट शब्दांत. ते नाही म्हणाले, तरी तुझ्याकडून लपवाछपवी राहणार नाही.

अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने तुझ्या प्रथिनाचं मॉडेल आधीच करून ठेवलेलं असेल, हे मला ठाऊक आहे, आणि नुसत्या साखळीच्या आकारासाठी आता कोणी कोणाशी धावत नाही. तुझ्या कामाचा जीव त्या रेणूच्या दिशेत आहे. क्षयावर नवं औषध घडवणारा रसायनशास्त्रज्ञ तुझ्या पेपरातून रेणूचं कुठलं टोक वाढवायचं ते ठरवेल. दिशा उलटी छापली गेली, तर कोणाची तरी दोन-तीन वर्षं चुकीच्या टोकावर जातील.

शनिवारी सकाळी मी घरीच आहे. ठाण्याच्या दहा नंबर फलाटावरून नेरूळ गाडी पकड आणि स्टेशनला उतरल्यावर फोन कर. लॅपटॉपवर ओमिट मॅप घेऊन ये, पण त्यात रेणू बसवलेला नको. रामचंद्रन प्लॉट मात्र कागदावर छापून आण, त्या चार ठिपक्यांवर क्रमांक लिहून. वहीचं ते पान त्याआधी लिहून झालेलं असू दे.